वाऱ्याचा वाटा

नगरजवळच्या भिंगारमध्ये नव्या गाडीची चौकशी दोन प्रश्नांत आटोपते. केवढ्याला पडली आणि ॲव्हरेज किती देते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मालक थोडे कमी करून सांगतो, दुसऱ्याचे थोडे वाढवून. तिसरा आकडा कंपनीचा असतो, माहितीपत्रकावर छापलेला. तो कोणालाच खरा वाटत नाही, तरी गाडी घेताना सगळे आधी तोच विचारतात. "कंपनी बावीस म्हणते, म्हणजे सतरा धरून चला," हा पाथर्डी रस्त्यावरच्या कुठल्याही गॅरेजातला हिशेब.

मधले पाच किलोमीटर जातात कुठे? ट्रॅफिक, एसी, टायरातली हवा, क्लचवर ठेवलेला पाय, भेसळीचा संशय अशी कारणांची यादी कोणीही धडाधड सांगेल. त्या यादीत वारा सहसा नसतो. तो दिसत नाही आणि त्याचे बिलही वेगळे येत नाही. पण भिंगारकरांना याचे नवल वाटायला हवे, कारण गाडी आणि वारा यांच्यातले भांडण मोजणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी एक त्यांच्या शेजारीच आहे.

ती म्हणजे वाहननगरची व्हीआरडीई, संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची वाहन संशोधन व विकास संस्था. तिचे मूळ १९२९ साली रावळपिंडीजवळच्या चकलाला येथे सुरू झालेल्या लष्करी वाहनांच्या तपासणी कचेरीत आहे. फाळणीनंतर हे बिऱ्हाड नगरला आले. लष्कराच्या गाड्या हे तिचे मुख्य काम. पण १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६ व्या नियमात नव्या गाडीला मान्यतेचा दाखला देऊ शकणाऱ्या संस्थांची जी यादी आहे, तिच्यात पुण्याच्या एआरएआय आणि सीआयआरटीबरोबर, देहरादून, बुधनी आणि मानेसरच्या संस्थांबरोबर व्हीआरडीईचेही नाव आहे. नागरी गाड्यांच्या चाचण्यांसाठी तिथे राष्ट्रीय वाहन चाचणी केंद्र आहे आणि नॅट्रिप या केंद्र सरकारच्या प्रकल्पात तिथल्या धावपट्ट्यांनाही निधी मिळाला. कुंपणाच्या आत काय चालते ते बाहेरच्याला दिसत नाही, दिसूही नये. मात्र नागरी गाडीची चाचणी कशी घ्यायची याचे नियम छापील आहेत, कोणीही वाचावेत.

लोकांची कल्पना अशी असते की गाडीत मोजून पेट्रोल भरतात, ती संपेपर्यंत पळवतात आणि भागाकार करतात. प्रत्यक्षात ॲव्हरेजचा आकडा बंद खोलीत निघतो. गाडी एका जागी उभी, चाकांखाली रोलर आणि समोर पडद्यावर वेगाचा आलेख. चालक त्या आलेखाबरहुकूम वेग वाढवतो आणि उतरवतो, नळीतून निघणारा धूर पिशव्यांत गोळा होतो आणि त्यातल्या कार्बनवरून किती इंधन जळले ते काढतात. म्हणजे प्रदूषणाचा आकडा आणि ॲव्हरेजचा आकडा एकाच धुरातून निघतात. पण खोलीतली गाडी जागची हलतच नाही, तर तिला वारा कुठून लागणार? तो रोलरच्या यंत्राला आधी सांगावा लागतो. अमुक वेगाला ही गाडी रस्त्यावर असती तर तिला इतका अडसर झाला असता, तेव्हा रोलर तितके जड कर, असे.

हा अडसर मोजायची रीत इतकी साधी आहे की हसू येते. सपाट, कोरड्या, सरळ धावपट्टीवर गाडी वेगात न्यायची, न्यूट्रलला टाकायची आणि सोडून द्यायची. ती आपोआप मंदावत जाते. कुठल्या वेगावरून कुठल्या वेगावर यायला किती सेकंद लागले ते टिपायचे. मग तोच प्रकार उलट्या दिशेने. याला कोस्टडाउन म्हणतात. त्या सेकंदांतून तीन संख्या निघतात: एक वेगाशी संबंध नसलेली, मुख्यतः टायरांची, दुसरी वेगाच्या पटीत वाढणारी आणि तिसरी वेगाच्या वर्गाने वाढणारी. तिसरी संख्या वाऱ्याची. गाडीच्या पुढच्या आयुष्यातला प्रत्येक जाहिरातीचा आकडा या तीन संख्यांवर उभा असतो.

वारा मोजायचा, पण मोजताना वारा नको, ही यातली खरी अडचण. आपले नियम ज्या युरोपीय धर्तीवर बेतले आहेत, त्यांत वाऱ्याचा सरासरी वेग सेकंदाला ३ मीटरच्या आत, झोत ५ मीटरच्या आत आणि आडवा वारा २ मीटरच्या आत हवा अशी अट आहे. ३ मीटर म्हणजे ताशी जेमतेम ११ किलोमीटर. सोने तोलताना सोनार पंखा बंद करतो, त्यातलाच हा प्रकार. नगर जिल्ह्यात हे किती अवघड आहे ते ज्याने आषाढातला इथला वारा अंगावर घेतला आहे त्याला सांगायला नको. पारनेरात सुप्याजवळ कवड्या डोंगरावर आणि नगर तालुक्यात खांडक्याच्या माथ्यावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत.

अशाच वाऱ्याने एका बड्या कंपनीला गोत्यात आणले, ती गोष्ट जपानची. मे २०१६ मध्ये सुझुकीने कबूल केले की जपानात विकलेल्या १६ प्रकारच्या, २० लाखांहून जास्त गाड्यांची ही चाचणी तिने नियमाप्रमाणे घेतलीच नव्हती. सागारा इथली तिची धावपट्टी समुद्राजवळ, टेकडीवर आहे. तिथे वारा थांबत नाही, आकडे जुळत नाहीत. म्हणून टायर, गिअरबॉक्स वगैरेंची वेगवेगळी मोजणी आणि पवनबोगद्यातली मापे जोडून बेरीज केली, असा खुलासा कंपनीने दिला. जपानबाहेरच्या गाड्यांशी याचा संबंध नाही असेही तिने सांगितले. त्याच्या महिनाभर आधी मित्सुबिशीचे प्रकरण फुटले होते, ते जास्त काळे होते. तिथे या अडसराचे आकडेच ठरवून कमी दाखवले होते आणि चुकीची पद्धत १९९१ पासून चालू होती. सव्वासहा लाख छोट्या गाड्या त्यात सापडल्या. बहुतेक गाड्या निस्सानसाठी बनवलेल्या होत्या आणि आकड्यांतली विसंगती निस्साननेच पकडली. अमेरिकेत ह्युंदाई आणि किया यांना २०१२ मध्ये लाखो गाड्यांच्या काचेवरचे ॲव्हरेज खाली आणावे लागले आणि २०१४ मध्ये १० कोटी डॉलर दंड भरावा लागला. तिथेही गडबड कोस्टडाउनमध्येच होती. फोक्सवॅगनचा डिझेल घोटाळा जगभर गाजला, कारण त्यात सॉफ्टवेअर होते, कट होता. न्यूट्रलला सोडलेल्या गाडीचे सेकंद कोणाला रोमहर्षक वाटणार? पण ग्राहकाच्या खिशाशी त्यांचा संबंध जास्त जवळचा आहे.

आता थोडे गणित. एक मध्यम हॅचबॅक घेऊ: माणसांसह १२०० किलो, समोरून दिसणारे क्षेत्रफळ २.२ चौरस मीटर आणि आकाराचा गुणांक ०.३३. हा गुणांक म्हणजे गाडीचा आकार हवेतून किती सहज निघतो त्याचे माप, जितके कमी तितके चांगले. अशा गाडीला ताशी ४० च्या वेगाला वारा सुमारे ५० न्यूटन जोराने अडवतो आणि टायर सुमारे १४०. म्हणजे गावात वाऱ्याला विचारायचे कारण नाही. साधारण ६८ च्या वेगाला दोघे बरोबरीला येतात. ८० ला वारा १९७ वर जातो, १०० ला ३०८ वर, १२० ला ४४४ वर. टायर बिचारे तिथेच, १४० च्या आसपास. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो आणि त्याच्याशी झुंजायला लागणारी इंजिनची ताकद आठपट.

हे आकडे नगरच्या हवेचे आहेत. नगर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास उंच आहे, त्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा सहा-सात टक्के विरळ. तीच गाडी त्याच वेगाने कोकणात चालवली तर वारा तेवढा जास्त अडवेल.

समोरून वारा असेल तर तो गाडीच्या वेगात मिळवायचा. ८० ने चाललात आणि समोरून २० चा वारा आला, की गाडीपुरते तुम्ही १०० ने चाललात. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असताना पाथर्डीला जाताना तो पाठीशी असतो आणि परतताना तोंडावर. जाण्या-येण्यात फिटंफाट होते असे वाटेल, पण वर्गाचा हिशेब तसा नसतो. जाताना ६०, येताना १००. दोन्हींच्या वर्गांची सरासरी ६८००, निवांत हवेतल्या ८० चा वर्ग ६४००. येऊन-जाऊन सहा टक्के वाऱ्याच्या खात्यात गेलेच.

वारा गाडीला पुढून अडवतो असे आपण म्हणतो. खरे तर तो तिला मागून जास्त छळतो. हवा गाडीच्या टपावरून आणि बाजूंनी सरकत येते आणि मागे एकदम कडा संपली की तिला वळता येत नाही. तिथे भोवरे होतात, दाब उतरतो आणि ती पोकळी गाडीला मागे ओढत राहते. याचा पुरावा फुकट मिळतो. कच्च्या रस्त्याने आलेली बोलेरो किंवा हॅचबॅक बघा, पुढची काच बरी आणि मागची धुळीने माखलेली. ती धूळ भोवऱ्यांनी आणून चिकटवलेली असते. डिकी बाहेर आलेल्या सेडानची मागची काच त्या मानाने स्वच्छ राहते. हॅचबॅकला आणि एसयूव्हीला मागे वायपर लागतो आणि सेडानला तो बहुधा नसतो, त्याचे कारण हेच.

हे ज्ञान नवे नाही. झेपेलिन वायुनौकांच्या कारखान्यात काम केलेल्या पॉल याराय याने पहिल्या महायुद्धानंतर थेंबाच्या आकाराच्या मोटारी रेखाटल्या. त्याच विचारांची टाट्रा ७७ चेकोस्लोव्हाकियात १९३४ मध्ये रस्त्यावर आली. त्याच वर्षी अमेरिकेत क्रायस्लरने एअरफ्लो काढली, ती आपटली. लोकांना गाडीचे तोंड आवडले नाही. १९८२ मध्ये ऑडी १०० ने ०.३० चा गुणांक जाहिरातीत मिरवला, कारण तेलाचे दोन भडके होऊन गेले होते. आज मर्सिडिजची विजेवरची ईक्यूएस ०.२० वर आहे. आपल्याकडे मात्र अँबॅसेडर आणि पद्मिनी उभ्या काचांनिशी दशकानुदशके तशाच चालल्या. आणि का बदलाव्यात? रस्तेच पन्नास-साठचे होते. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली, लाकडी बॉडीची ३० आसनी बेडफर्ड. तिच्या आकाराबद्दल वाऱ्याने तक्रार करण्याइतकी ती पळतच नव्हती. भिंगारच्या छावणीतल्या रणगाडा संग्रहालयातही आकारांची मोठी जत्रा आहे, पण तिथे आकार गोळ्याने ठरवलेला, वाऱ्याने नाही.

रस्ते बदलले. मुद्दा इथे येतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि जून २०२५ मध्ये तो मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण झाला. आपल्या जिल्ह्यात तो कोपरगावकडून जातो. मोटारीला तिथे ताशी १२० ची मुभा आहे. आणि कंपनीचा आकडा ज्या आलेखावर निघतो, तो भारतीय आलेख कुठे थांबतो? ९० वर. एकूण ११८० सेकंद, अंतर साडेदहा किलोमीटरच्या आसपास, सरासरी वेग ताशी सुमारे ३२. युरोपच्या जुन्या आलेखात शेवटी १२० पर्यंतची उडी होती. आपल्याकडे आणताना ती ९० वर छाटली, त्या काळच्या रस्त्यांना धरून. तेव्हा ते योग्यही होते.

आता वरचीच हॅचबॅक शिर्डीहून नागपूरला पाठवू, ५२० किलोमीटर. इंजिन पेट्रोलमधल्या उष्णतेपैकी २८ टक्के चाकापर्यंत पोचवते असे धरले, तर ९० च्या एकसारख्या वेगाला लिटरमागे २३ किलोमीटर पडतात, १०० ला २०, १२० ला १५. एसी, चढ आणि ओव्हरटेक वेगळे. म्हणजे १०० ऐवजी १२० ने गेलात तर ५२ मिनिटे वाचतात आणि सुमारे ८ लिटर पेट्रोल जास्त जाते. ५२ मिनिटांचे मोल ज्याचे त्याने ठरवावे. मला ते महाग वाटते, पण दवाखान्यात निघालेल्याला वाटणार नाही.

धुराचे गणित याच्याच पोटात आहे. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, डिझेलचा त्याहून थोडा जास्त. त्याला कुठलाही फिल्टर नाही. आपली हॅचबॅक ९० ला किलोमीटरमागे १०० ग्रॅम सोडते आणि १२० ला १५० ग्रॅम. सरकारने कंपन्यांच्या सगळ्या विक्रीची मिळून जी सरासरी मर्यादा घातली आहे, ती २०१७ पासून १३० ग्रॅम होती आणि २०२२ पासून ११३ आहे. कागदावर मर्यादेत बसलेली गाडी समृद्धीवर चढली की मर्यादेबाहेर जाते आणि यात कोणीही कायदा मोडलेला नसतो. नायट्रोजनच्या ऑक्साइडांची आणि काजळीची गोष्ट निराळी, ती इंजिनावरचा ताण आणि धूर गाळणाऱ्या यंत्रणा यांच्यावर अवलंबून असते. त्यासाठी एप्रिल २०२३ पासून गाडीच्या मागे यंत्र बसवून प्रत्यक्ष रस्त्यावर धूर मोजण्याचा नियम आला आहे. हे चांगले झाले. ॲव्हरेजचा आकडा मात्र अजून खोलीतच निघतो.

दरम्यान ग्राहक उलट्या दिशेने चालला आहे. देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांत निम्म्याहून जास्त आता एसयूव्ही वर्गातल्या आहेत. उंच बॉनेट, उभी काच, रुंद टायर. आकाराचा गुणांक ०.४२ आणि समोरचे क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर धरले, तर आटोपशीर सेडानच्या मानाने वारा सत्तर टक्के जास्त. उंच गाडीबद्दल मी नाक मुरडणार नाही. भिंगारहून एखाद्या वाडीवर जायचे तर ग्राउंड क्लिअरन्स लागतोच. पण शहरातून हमरस्त्यानेच फिरणाऱ्याने रानातल्या गाडीचा आकार हौसेखातर घेतला, तर त्याने वाऱ्याला आयुष्यभराचा हप्ता बांधून दिला. टपावरच्या कॅरिअरचेही तसेच. मोहटादेवीला जाताना एकदा बांधलेला कॅरिअर पुढच्या नवरात्रापर्यंत काढला जात नाही. टपावर मोठे बोथट खोके असेल तर ताशी १०५ ते १२० किलोमीटरच्या वेगाला ॲव्हरेज १० ते २५ टक्के घटते, असे अमेरिकी सरकारचे ऊर्जा खाते आपल्या ग्राहकांना सांगते. नुसत्या रिकाम्या दांड्याही फुकट जात नाहीत.

विजेच्या गाडीत वारा जास्त झोंबतो. पेट्रोल इंजिन सत्तर टक्के उष्णता वाया घालवते, त्या गोंधळात वाऱ्याची चोरी लपून जाते. मोटर फारसे काही वाया घालवत नाही, त्यामुळे समृद्धीवर १२० ने निघालेल्या ईव्हीची रेंज डोळ्यांदेखत उतरते. म्हणून तर त्या गाड्यांचे हँडल आत गेले, जाळी बुजली आणि चाकांवर सपाट झाकणे आली. काही जणांना ते दिसायला आवडत नाही. एअरफ्लोही आवडली नव्हती.

ट्रकांबद्दल थोडे. नेप्तीच्या बाजारातून कांदा भरून निघालेला ट्रक साठच्या वेगाला टायरांशीच जास्त झगडतो, कारण वजन. पण परतताना तोच रिकामा, फाळके उघडे, ताडपत्री फडफडत. तेव्हा वजन गेले आणि वारा उरला. १२ टनांवरच्या गाड्यांसाठी केंद्राने ऑगस्ट २०१७ मध्ये इंधनाची मर्यादा जाहीर केली, तिची चाचणी धावपट्टीवर ४० आणि ६० च्या एकसारख्या वेगाला होते. केबिनवरच्या तिरप्या पत्र्याचा खरा फायदा ज्या वेगाला दिसतो, तो या चाचणीत येतच नाही. मग कंपनीने तो पत्रा का द्यावा आणि मालकाने का मागावा? ताडपत्री ताणून बांधणे मात्र आजही फुकट आहे.

एप्रिल २०२७ पासून डब्ल्यूएलटीपी नावाची नवी आंतरराष्ट्रीय चाचणी आणण्याच्या हालचाली दिल्लीत चालू आहेत. ती यावी. पण एक काम नव्या चाचणीची वाट न पाहता करता येण्यासारखे आहे. कोस्टडाउनच्या त्या तीन संख्या आजही प्रत्येक गाडीच्या दप्तरात असतात, नाहीतर रोलर जड करताच आला नसता. अमेरिकेची पर्यावरण संस्था त्या संख्या दरवर्षी गाडीवार जाहीर करते, कोणीही उतरवून घ्याव्यात. आपल्या ग्राहकापर्यंत येतो तो एकच आकडा, तोही ९० वर छाटलेल्या आलेखाचा. रस्ते वाहतूक मंत्रालयाने या तीन संख्या खुल्या कराव्यात आणि माहितीपत्रकावर दोन ओळी वाढवाव्यात: १०० च्या वेगाला किती, १२० च्या वेगाला किती. अडसराची मोजणी झालेली आहे, पुढचा हिशेब आणि छपाई बाकी आहे. तोवर शोरूममध्ये हे दोन प्रश्न आपणच विचारायला लागू. विक्रेत्याला उत्तर येणार नाही, पण पुरेशा लोकांनी विचारले तर तो वर विचारेल. आणि गाडीवर रिकामा कॅरिअर असेल, तर या दिवाळीत गाडी धुताना तो उतरवून ठेवा.